घाट उतरण्याची तयारी केली आहे का?

पावसाळा सरत आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, साताऱ्याला पळायला चाललोय. आधीच एक पेनकिलर घेऊन ठेवू का?" माझे उत्तर दरवर्षी तेच असते: घेऊ नका.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. अंतर २१ किलोमीटर. शहरातून निघायचे, कासच्या रस्त्याने यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचे. आपल्या मीरा-भाईंदरमधूनही हौशी मंडळी जातात. सराव मात्र इथल्या सपाट रस्त्यांवर झालेला असतो.

सगळ्यांना धास्ती असते ती चढाची. पण चढावर दम लागतो आणि आपण आपोआप हळू होतो. उतारावर दम लागत नाही, म्हणून वेग वाढतो. स्नायूंचे खरे नुकसान तिथेच होते.

उतारावर काय घडते?

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीराला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी ब्रेकसारखा जोर लावत असतो. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात. दुखणे लगेच जाणवत नाही. २४ ते ७२ तासांत वाढते. म्हणूनच रविवारी पळालेला माणूस मंगळवारी स्टेशनच्या पुलावरून कठडा धरून, आडवा होत उतरतो. हे दुखणे साठलेल्या लॅक्टिक ॲसिडचे नसते. ते तर पळणे थांबल्यावर तास-दोन तासांत निघून जाते.

गोळीला माझा विरोध का?

घामाने शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी होऊ लागते. तो पुरवठा टिकवण्यासाठी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने वापरते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या नेमकी हीच रसायने अडवतात. त्यातच इजा झालेल्या स्नायूंमधले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि तेही मूत्रपिंडालाच गाळावे लागते. रक्तदाबाची काही औषधे, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. शिवाय दुखणे ही थांबण्याची सूचना असते; ती दाबून पळण्यात शहाणपण नाही.

मग तयारी कशी करावी?

उताराचा सराव उतारावरच होतो. एकदा बेताने उतरण्याचा व्यायाम केला की पुढचे काही आठवडे स्नायू तेच काम कमी इजा होऊन करतात. उत्तन-डोंगरी भागातला चढ-उतार त्यासाठी चांगला. तेही जमत नसेल तर इमारतीचा जिना आहेच. बरेच जण जिन्याने चढतात आणि लिफ्टने उतरतात. तुम्ही कधी उलट करून पाहा. सुरुवात थोड्या मजल्यांपासून करा. शेवटचा मोठा सराव स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी संपवा. पळताना उतारावर पावले लहान टाका. गुडघ्याचे जुने दुखणे, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा.

पाणी तहानेप्रमाणे प्या. भीतीपोटी सतत पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घटू शकते, तेही घातक असते.

ताबडतोब डॉक्टरांकडे जा, जर:

- लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा फार कमी होऊ लागली
- मांड्या सुजून कडक झाल्या, दुखणे असह्य झाले
- छातीत दडपण आले, चक्कर आली, बोलण्यात गोंधळ झाला

दोन-तीन दिवसांचे साधे अंग दुखणे विश्रांती आणि हलके चालणे यांनी जाते. पदक गळ्यात पडेल किंवा पडणार नाही, घाट पुढच्या वर्षीही तिथेच असेल. मूत्रपिंडे मात्र हीच वापरायची आहेत.