देखणेपणा म्हणजे संमती नव्हे!

मालिका संपतात, परंतु त्यांनी प्रेक्षकांच्या मनात रुजवलेले निवाडे संपत नाहीत. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका जुलै २००० मध्ये 'स्टार प्लस'वर सुरू झाली आणि नोव्हेंबर २००८ पर्यंत चालली. रात्री साडेदहाला मुंबईच्या सदनिकांत जे पाहिले जाई, तेच परभणी-जिंतूरच्या माजघरांतही पाहिले जाई. जुलै २०२५ मध्ये तिचे नवे पर्व सुरू झाले. त्यानिमित्ताने जुन्या मालिकेतील एका प्रसंगाची आठवण करून देणे आवश्यक आहे. विराणी घराण्यातील अंश हा आपल्या पत्नीवर, नंदिनीवर, तिच्या इच्छेविरुद्ध बळजबरी करतो. सासू तुलसी सुनेच्या पाठीशी उभी राहते आणि अखेरीस स्वतःच्या मुलावर गोळी झाडते.

कथेने आपला कौल असा निःसंदिग्धपणे दिला होता. तरीही अशा प्रसंगांवर चाहत्यांमध्ये वाद झडतो, तो ठरावीक वळणानेच. 'नवराच ना तो?' असे एक जण विचारतो. 'त्याचे तिच्यावर प्रेम होते', असे दुसरा सांगतो. तिसऱ्याचा युक्तिवाद सर्वांत लघु आणि सर्वांत प्रभावी असतो : 'पण दिसतो किती देखणा!' अंशची भूमिका आकाशदीप सैगल यांनी केली होती. अंश मेला, पुढे तेच अभिनेते अंशचा मुलगा एकलव्य म्हणून त्याच मालिकेत परतले. वाहिनीला पात्र मारता आले, चेहरा मात्र सोडवला नाही. यात अभिनेत्याचा काहीही दोष नाही. त्याने आपले काम चोख केले. दोष आहे तो चेहरा पाहून न्याय करणाऱ्या नजरेचा.

ही नजर घडवली कोणी? 'डर' (१९९३) या चित्रपटात नायिकेचा पिच्छा पुरवणारा राहुल हा खलनायक होता. पण शाहरुख खान यांच्या अभिनयामुळे सहानुभूती त्याच्याच पदरी पडली. 'कबीर सिंह'ने (२०१९) तर ही आडवाटही सोडली. तिथे मुलीला न विचारता, साऱ्या महाविद्यालयासमोर 'ही माझी' असे जाहीर करणारा तरुण थेट नायकच झाला आणि चित्रपट त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या हिंदी चित्रपटांत गणला गेला. एक साधी कसोटी लावून पाहावी. त्याच प्रसंगातून देखणा नट काढावा, त्याच्या जागी विद्रूप खलनायक उभा करावा आणि पार्श्वसंगीत बंद करावे. ज्याला प्रेक्षक 'उत्कट प्रेम' म्हणत होते, तो उघडउघड अत्याचार दिसू लागेल. कृती तीच, शब्द तेच, मुलीचे मौनही तेच. म्हणजे बदलली ती केवळ चेहऱ्याची ठेवण. नाकाडोळ्यांवर ठरणाऱ्या नीतीला नीती म्हणता येईल काय?

यावर काही संस्कृतिप्रेमी मंडळी एक ठेवणीतला आक्षेप घेतात : संमती वगैरे पाश्चात्त्यांची खुळे आहेत, आपल्या कुटुंबव्यवस्थेत त्यांना स्थान नाही. हे विधान करणाऱ्यांनी आपली परंपरा वाचली आहे काय, अशी शंका येते. पैठणच्या एकनाथ महाराजांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चे पारायण उपवर मुलींनी करावे, अशी मराठी घरांतील जुनी रीत आहे. त्या कथेचे मर्म कोणते? भाऊ रुक्मी याने शिशुपालाशी ठरवलेला विवाह रुक्मिणीला मान्य नाही. ती स्वतः श्रीकृष्णाला पत्र धाडते, आपली निवड कळवते आणि मगच द्वारकेचा रथ विदर्भात येतो. आता दुसरा रथ पाहावा. सिंधुराज जयद्रथानेही वनवासातील द्रौपदीला रथात घातले. तोही राजा होता, ऐश्वर्यसंपन्न होता, कौरवांचा जावई होता. भारतीय मनाने एका हरणाचे मंगलगान केले आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पाच पाट काढून त्याची धिंड काढली. दोन्हीकडे रथ होता. पत्र एकीकडेच होते. श्रीकृष्णाइतका सुंदर पुरुष आपल्या परंपरेला दुसरा ठाऊक नाही. त्याचे सौंदर्यही रुक्मिणीच्या पत्रावाचून पुरेसे मानले गेले नाही, तिथे पडद्यावरच्या नटांची काय कथा?

स्मृतिकारांनी आठ विवाहप्रकार सांगितले. त्यांत निद्रिस्त, मद्यधुंद वा भान हरपलेल्या कन्येशी केलेल्या संगाला 'पैशाच' हे नाव देऊन तो प्रकार अधम ठरवला. परंपरेत सारेच आदर्श होते असे नव्हे. राक्षसविवाहही त्याच यादीत आहे. परंतु स्त्रीच्या इच्छेचा प्रश्न परक्यांनी आपल्याला शिकवला, हे म्हणणे पूर्वजांचा गौरव नसून अपमान आहे.

हा सारा ऊहापोह कोणाला शहरी चैन वाटत असेल, तर त्याने परभणी जिल्ह्याकडे पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) या जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातल्या ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. राज्याची सरासरी सुमारे २२ टक्के. म्हणजे गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरच्या अंगणात खेळणाऱ्या दोन मुलींपैकी जवळपास एकीला 'तुला हा मुलगा पसंत आहे का' हा प्रश्न कायद्याने अर्थपूर्ण ठरण्याआधीच बोहल्यावर उभे केले गेले. कारणे सर्वांना ठाऊक आहेत : ऊसतोडीला जाताना वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे ही चिंता, हुंडा, एकाच मांडवात दोघींचे उरकण्याची काटकसर, गावापासून दूर असलेले महाविद्यालय. आईबापांची विवंचना खरी आहे. त्यांची टवाळी करणे हा उपाय नव्हे. पण मुलगी गप्प राहिली म्हणजे तिचा होकार, हे गणित मात्र पडद्यावर आणि घरात एकच आहे.

२०१७ मध्ये 'पहरेदार पिया की' या मालिकेत एका लहान मुलाचे तरुणीशी लग्न दाखवले, तेव्हा देशभर गदारोळ झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये मालिका बंद पडली. ठीकच झाले. पण पडद्यावरच्या बालवरासाठी जागे झालेले विद्वान खऱ्या बालवधूंच्या वेळी कुठे होते? त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच होय, असा निर्णय दिला. त्यावर किती चावड्यांवर बोलणे झाले?

सज्ञान पत्नीच्या बाबतीत भारतीय दंडसंहितेतील अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही आला. त्यावर मतभेद आहेत. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचेही त्यावर एकमत झाले नव्हते. तो वाद न्यायालये आणि संसद पाहतील. परंतु कायद्यातील अपवाद म्हणजे धर्माने दिलेला परवाना नव्हे, एवढे समजायला कोणत्याही निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. सहधर्मचारिणी या शब्दातील 'सह' पुसले, तर उरते ती केवळ मालकी.

म्हणून मालिकांवर बंदीची मागणी करण्यापेक्षा त्या पाहताना घरात बोलणे अधिक उपयुक्त. हळदीकुंकवाला, भजनी मंडळात, सप्ताहातील कीर्तनात रुक्मिणीची कथा सांगितली जाते, तेव्हा तिच्या शालूच्या वर्णनापाशी थोडे कमी आणि तिच्या पत्रापाशी थोडे अधिक थांबावे. स्थळ पाहायला येईल त्या दिवशी मुलीला पोह्यांची बशी हाती देण्याआधी तिचे मत विचारावे, आणि ते 'नाही' असले तर मानावे. नायक कितीही देखणा असो, समोरची 'नाही' म्हणत असताना जो पुढे पाऊल टाकतो तो जयद्रथच, हे आपल्या मुलग्यांनाही वेळीच सांगावे.