गुडघ्याचे दुखणे नशिबाचे नाही

दरवर्षी १२ ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन म्हणून पाळला जातो. दोनच दिवसांनी येतो आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीवर जमणाऱ्या गर्दीत गुडघ्यावर हात दाबून एकेक पायरी आडवी उतरणाऱ्या आयाबाया किती दिसतात! विचारले तर उत्तर ठरलेले असते, "वय झालं बाबा, वात आहे, चालायचंच."

पूर्वजन्मीच्या पापाची कल्पना आपण १९५६ सालीच फेकून दिली. मग गुडघ्यापुरता हा नशीबवाद का शिल्लक ठेवायचा?

या दुखण्याला कारणे आहेत. उकिडवे बसून चार घरच्या फरश्या पुसायच्या, वाकून झाडायचे, घमेले घेऊन जिने चढायचे, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. असे वीस-तीस वर्षे केले की सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजू लागते. वय आणि वजन हीही कारणे आहेतच. पण ज्यांच्या वाट्याला हे काम पिढ्यान्‌पिढ्या आले, त्यांचे दुखणे केवळ वयाच्या खात्यावर टाकणे ही लबाडी आहे.

दुसरा प्रकार आमवाताचा, डॉक्टर ज्याला रूमॅटॉइड म्हणतात. यात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच सांध्यांवर उलटते. हा म्हातारपणाची वाट पाहत नाही. तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांनाही गाठतो. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात जातो, हा फरक लक्षात ठेवावा. आमवातावर पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर बोटे वाकडी होण्यापासून बरीचशी वाचवता येतात. त्यावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध जुने आणि स्वस्त आहे. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि सोबत रक्ततपासणी लागते. रोज घेतले तर जिवावर बेतते.

आपली माणसे मात्र आधी भोंदूकडे जातात. "देशी पुडी" घेतली की दोन दिवसांत पळायला लागतात. अशा अनेक पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नये, डॉक्टरांना दाखवावी. दुकानातून रोज आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात.

झिजलेल्या गुडघ्याला चालणे वर्ज्य नाही. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरण्याचा साधा व्यायाम मांडीचे स्नायू बळकट करतो. एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोचा भार हलका होतो. शस्त्रक्रिया हा शेवटचा मार्ग. केंद्राने २०१७ साली कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा साध्या प्रकाराची किंमत ५४,७२० रुपये ठरली. म्हणजे आधी किती लूट चालली असेल!

परंतु व्यायाम सांगून समाजाची जबाबदारी संपत नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाच्या तासांचा प्रश्न सरकारदरबारी लावून धरला, तो श्रमिकाचे शरीर फुकट झिजवायचे नसते म्हणूनच. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. लांब दांड्याचा झाडू आणि पोछा, भांडी घासायला उभ्याचा ओटा, जिल्हा रुग्णालयात संधिवाताची तपासणी व औषधे, या मागण्या कल्याणाच्या व्याख्येत बसत नाहीत काय?

आपल्या विहारांत शिबिरे होतात, रक्तदाब पाहिला जातो. यापुढे तिथे एक प्रश्न आणखी विचारावा, "माई, सकाळी मूठ वळते का?" आणि नाही म्हणाली तर तिला भोंदूच्या दारी नव्हे, रुग्णालयात घेऊन जावे.