दम्याचा उपचार झटक्यापुरता नको

गोंदिया जिल्ह्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण उभे राहिले आणि त्याच्या कालव्यांनी परिसरातील धानशेतीला आधार दिला. परंतु जेथे धान पिकते तेथे मळणीची धूळ आणि कोंड्याचा भुरका हेही आलेच. एकाच खळ्यावर दहा माणसे राबतात. नऊ जण शिंकून मोकळे होतात, दहाव्याची छाती मात्र शिट्टीसारखी वाजू लागते. धूळ तीच, मग हा भेद का व्हावा?

वैद्यकशास्त्राने हा भेद मोजून दाखविला आहे. श्वासनलिका आकुंचित करणारे मेथाकोलिन हे द्रव्य वाढत्या मात्रेने श्वासावाटे देऊन, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकली जाणारी हवा 20 टक्क्यांनी केव्हा घटते, हे पाहतात. निरोगी माणसात दर मिलिलिटरला 16 मिलिग्रॅम तीव्रतेच्या द्रावणानेही सहसा तसे घडत नाही. दमेकऱ्याची नलिका पुष्कळदा 4 मिलिग्रॅमच्या आतच आवळते. तिच्या अस्तराला सतत असलेली सूज तिला असे हळवे करून ठेवते. मग धूळ, चुलीचा धूर, थंड हवा, फार काय, मनमोकळे हसणेही तिला सोसत नाही.

आपल्या उपचाराची दिशा चुकते ती येथेच. धाप लागली की गोळी वा इंजेक्शन घ्यावे आणि उतार पडला की सारे विसरावे, असा अनेकांचा प्रघात आहे. साल्ब्युटामॉलने आवळलेले स्नायू सैल होतात, पण सूज तशीच राहते. ती उतरते श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडने, आणि तेही वैद्याच्या सल्ल्याने नेमाने घेतले तर. प्रौढ व किशोर रुग्णांना केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, असे दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने 2019 साली बजावले. तरीही ‘पंपाची सवय लागते’ या गैरसमजापायी कित्येक रुग्ण योग्य औषधापासून दूर राहतात.

मळणीच्या वेळी नाकातोंडाला फडके बांधावे, दमेकऱ्याला धुळीपासून दूरचे काम द्यावे, स्वयंपाकघरातील धूर हटवावा. हे सारे हवेच. पण हळव्या नलिकेला रोजचे औषध लागते, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड मिळाले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही प्रकारची औषधे आहेत. धरणाचे पाणी बांधाबांधापर्यंत पोहोचविणाऱ्या शासनाला तो धान झोडपणाऱ्याच्या श्वासाची तजवीज अवघड वाटू नये.