मर्यादा कोणी घालायची?



मर्यादा हा शब्द आपल्याला नवा नाही. परिग्रह-परिमाण व्रत घेतलेली बाई ठरवते, इतकंच सोनं, इतक्याच साड्या, घरात इतकीच रोकड. चातुर्मासात कुणी हिरव्या भाज्या सोडते, कुणी एखादा रस सोडते, कुणी गावाबाहेर न जाण्याचं ठरवते. ही मर्यादा आपण आपल्यावर घालतो, म्हणून तिला व्रत म्हणतात. समोरच्याने ताटातली भाकरी उचलून नेली तर त्याला उपवास म्हणत नाहीत.

एवढी साधी गोष्ट पुन्हा लिहावी लागते, कारण बँकेतून पैसे काढण्याच्या मर्यादेचा विषय निघाला की आपल्याच बायकांच्या तोंडून ऐकू येतं, ‘म्हाताऱ्या माणसाला पैसे लागतात तरी किती? अपरिग्रह सांगायचा आणि हजार-दोन हजारांसाठी रडायचं!’ हे बोलणाऱ्या बहुतेकींची स्वतःची पर्स भरलेली असते, हेही मी पाहिलं आहे.

२३ सप्टेंबर २०१९ आठवा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसी बँकेवर, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. एका खात्यातून सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील, असा तो आदेश होता. आरडाओरड झाल्यावर तीनच दिवसांत दहा हजार झाले, मग पंचवीस, चाळीस, पन्नास हजार, आणि २०२० च्या जूनमध्ये एक लाख. म्हणजे हजाराचा आकडा काही हिशेब करून काढलेला नव्हता. बीपी-साखरेच्या गोळ्या, दूध, गॅस, कामवालीचा पगार यांतलं काहीच त्या हजारात सहा महिने बसत नाही. तरी आदेश निघाला.

अशा आदेशात एक वाक्य नेहमी असतं, ते मला फार बोचतं. बँकेला स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे पगार, जागेचं भाडं आणि विजेचं बिल भरायला परवानगी असते. ते अत्यावश्यक खर्च. बँकेचा पंखा फिरत राहणं अत्यावश्यक, आणि त्याच पंख्याखाली रांगेत उभ्या असलेल्या आजींचं औषध मात्र अर्ज करून मागायचं!

आपल्याकडे सत्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्यांत दोन शब्द येतात: कूटलेखक्रिया आणि न्यासापहार. पहिला म्हणजे खोटे कागद करणं. दुसरा म्हणजे कुणी विश्वासाने ठेवलेली ठेव पूर्ण परत न देणं. ठेवणारा विसरला, त्याने कमी मागितली, तर गप्प राहून कमीच देणं हासुद्धा त्यातच येतो. पाठशाळेत हे शब्द पाठ करताना मला वाटायचं, हे जुन्या काळच्या सावकारांसाठी असेल. पीएमसी बँकेत एकाच बांधकाम कंपनीच्या समूहाला, एचडीआयएलला, बँकेच्या एकूण कर्जातला बहुतांश पैसा दिला होता, आणि ते लपवण्यासाठी एकवीस हजारांहून जास्त बनावट खाती दाखवली होती, असं तपासात पुढे आलं. कूटलेखक्रियेला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठून आणायचं? खोटे कागद केले बँकेतल्या वरच्या माणसांनी, आणि मर्यादा कुणावर आली, तर पेन्शनीवर जगणाऱ्या माणसावर.

पुढचं तर याहून वाईट. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून मिळाली. त्यावरची मोठी रक्कम असलेल्यांना टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा टप्पा दहा वर्षांनी. त्यातही पहिली पाच वर्षं व्याज नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला ‘दहा वर्षांनी या’ सांगणं म्हणजे काय सांगणं आहे, हे कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. पुण्याच्या रुपी बँकेत निर्बंध २०१३ च्या फेब्रुवारीत आले आणि परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. मधली नऊ वर्षं म्हातारपणाची होती.

आता समोरची बाजू. बँक बुडते अशी कुणकुण लागली की ज्यांच्या ओळखी आहेत ते आधी पैसे काढून मोकळे होतात आणि गरिबांसाठी तिजोरीत काही उरत नाही. म्हणून सगळ्यांना एकदम थांबवावं लागतं. हे मला पटतं. २०२१ मध्ये कायदा बदलला, आता निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत पाच लाखांपर्यंत विम्याचे पैसे द्यावे लागतात, तेही चांगलंच झालं. २०२० पर्यंत हा विमा फक्त एक लाखाचा होता, ही आठवण ठेवू. पण नव्वद दिवस तीन महिन्यांचे असतात. १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा काढण्याची मर्यादा होती शून्य. तिजोरीतले १२२ कोटी गायब झाल्याचं प्रकरण पुढे आलं होतं. पंचवीस हजार काढायची मुभा २७ फेब्रुवारीपासून मिळाली. ज्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे त्याने ते दोन आठवडे कुणाकडे हात पसरायचे?

आणि ‘सगळ्यांना सारखीच मर्यादा’ ही सारखी नसतेच. पस्तीस वर्षांच्या माणसाचा पुढच्या महिन्याचा पगार दुसऱ्या बँकेत येऊ शकतो. त्याला उसने मिळतात, क्रेडिट कार्ड असतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला उसने कोण देणार? तिचं सगळं त्या एका पासबुकात. अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळतं, ओळखीचा साहेब आहे, चहा विचारतात, म्हणून तर तिने सहकारी बँकेत ठेवले होते.

वयस्कांसाठी वेगळा नियम करता येत नाही, हे मी ऐकून घेणार नाही. नोटाबंदीत, १९ नोव्हेंबर २०१६ च्या शनिवारी, बँकांनी नोटा बदलून देण्याचं काम फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी ठेवलं होतं. एका दिवसासाठी का होईना, जमलं ना? मग निर्बंधाच्या आदेशातच पहिल्या दिवसापासून लिहा: सत्तरीच्या पुढच्या खातेदाराला दरमहा त्याच्या पेन्शनइतकी किंवा ठेवीच्या व्याजाइतकी रक्कम मिळेल, आणि दवाखान्याचं बिल थेट दवाखान्याला जाईल. पीएमसीच्या वेळी अडचणीतल्यांना अर्ज करून जास्त रक्कम मागता येत होती, पण कागद गोळा करायचे, खेटे घालायचे, ते त्याच माणसाने जो खाटेवर आहे.

हे सगळं मुंबई-पुण्याचं झालं. आमच्या जव्हार-मोखाड्यात बँक बुडावी लागत नाही, मर्यादा रोजचीच आहे. फक्त ती कुठे लिहिलेली नसते.

खोडाळ्याकडून, दाभोशाकडून, न्याहाळ्याकडून म्हातारी माणसं एसटीने किंवा जीपने बाजारात येतात. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पंधराशे रुपये काढायचे असतात. जनधनसारख्या साध्या खात्यातून महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत. ज्या बाईला घरात रोकड ठेवायची भीती वाटते, ती पाचशे-पाचशे करून काढते, आणि चार वेळा कधीच होऊन जातात. बँक मित्राकडे आधारवर अंगठा लावून पैसे मिळतात, पण जन्मभर नाचणीची लावणी केलेल्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. मशीन दोनदा नाही म्हणतं, तिसऱ्यांदा रेंज जाते. पावसाळ्यात तर रोजचंच. मग ‘उद्या या’. जाण्या-येण्याचं भाडं त्या पंधराशेतूनच जातं. हीसुद्धा मर्यादाच, आणि तिच्यावर कुणाची सही नाही.

आपल्या घरांतही काही वेगळं नाही. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चाळीस हजार काढायचे होते. कुठल्या शाखेत ते लिहीत नाही. खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, ‘आजी, आज वीसच मिळतील, कॅश आली नाही.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा रिक्षा, पुन्हा जिना. असा काही नियम आहे का, हे विचारलं तर साहेब जेवायला गेलेले. एटीएमला जा म्हणतात. स्टेट बँकेच्या एटीएममधून दहा हजार किंवा जास्त काढायचे तर २०२० पासून मोबाइलवर ओटीपी येतो. चोरीपासून बचाव म्हणून तो नियम बरोबरच आहे. पण खात्याला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा ठाण्याला.

इथेच मला आपल्या समाजाशी बोलायचं आहे. बँकेला नावं ठेवणं सोपं. किती घरांत आईचं एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात असतं? किती सासवांना स्वतःच्या खात्यात किती आहेत ते माहीत असतं? दशलक्षण पर्वात बोली लागते, म्हातारीला अकराशेची बोली घ्यावीशी वाटते, ती आधी मुलाच्या तोंडाकडे बघते. तो मान हलवतो किंवा हलवत नाही. अंतराय कर्माचे पाच प्रकार आपण मुलांना शिकवतो, त्यांतला पहिला दानांतराय. दुसऱ्याच्या दानाच्या आड येणं. पैसे तिचे, नवऱ्याच्या पेन्शनचे, आणि आड आपण! ‘आईला काय लागतं, आम्ही सगळं आणून देतोच की’ हे उत्तर मला सांगू नका. आणून देणं निराळं आणि तिच्या हातात असणं निराळं.

आणखी एक, आणि हे वाचून काहींना राग येईल. आपण व्यापारी माणसं. जिथे कुठे दुकानाच्या गल्ल्याखाली गिऱ्हाइकाचं पासबुक किंवा एटीएम कार्ड उधारीपोटी ठेवून घेतलं जात असेल, तिथे पेन्शन आली की आधी उधारी वळती होते आणि उरलं ते म्हाताऱ्याच्या हातावर येतं. त्याला आपण काय नाव देणार? लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला हिशेब विचारता येत नाही. न्यासापहार म्हणतात तो हाच. घरातल्या बाईने हे पाहिलं तर तिने बोलावं. दुकान तिच्याही नावावर चालतं.

आता कामाचं. हे नियम आहेत, पण शाखेत पाटीवर क्वचितच दिसतात.

रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ ला बँकांना सांगितलं आहे की ज्येष्ठांसाठी वेगळा काउंटर ठेवा, आणि सत्तरीच्या पुढच्यांना तसंच अपंग किंवा अंथरुणाला खिळलेल्यांना खात्यातली रक्कम घरपोच देण्याची सोय करा. काही बँका शाखेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनाच ही सोय देतात. आमच्या डोंगरात पाच किलोमीटरच्या आत कोण राहतं? तरीही मागा. मागणी लेखी गेली तर निदान नकार लेखी मिळेल.

दुसरं, पैसे काढायच्या स्लिपवर दुसऱ्या कुणाला पैसे मिळत नाहीत, त्यासाठी खातेदार स्वतः पासबुक घेऊन लागतो. चेकने मात्र दुसऱ्याला काढता येतात. म्हणून सासूबाईंच्या खात्यावर चेकबुक घ्या. त्याच २०१७ च्या पत्राप्रमाणे ज्येष्ठांना वर्षाला पंचवीस चेक मागितल्यावर मोफत मिळायला हवेत.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. आजारी माणसाला सही करता येत नसेल आणि बँकेत येता येत नसेल, तर चेकवर किंवा स्लिपवर त्याचा अंगठा चालतो. तो बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांनी ओळखायचा, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. अंगठाही उमटत नसेल तर खूण चालते. पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते आजारी माणूस सांगू शकतो, त्या माणसाची ओळखही दोन साक्षीदारांनी पटवायची. म्हणजे अधिकाऱ्याने घरी किंवा दवाखान्यात यायचं असतं. हा उपकार नाही, त्याचं काम आहे.

आणि सगळी ठेव एका बँकेत नको. मुद्दल आणि व्याज मिळून एका बँकेत पाच लाखांच्या आत ठेवा. एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवलं तरी विम्याला ते एकच धरतात.

अर्ज मराठीत, दोन प्रतींत लिहायचा. खातं नंबर, वय, काय अडचण आहे, काय हवं आहे, एवढंच. एक प्रत शाखेत द्यायची, दुसरीवर तारखेसह शिक्का घेऊन ती घरच्या फाइलीत ठेवायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. ज्या मैत्रिणींना अर्ज लिहायला जमत नाही त्यांनी दुपारी तीननंतर माझ्याकडे यावं, पासबुक बरोबर आणावं आणि शक्य असेल तर सासूबाईंनाही.