घर आणि यंत्र : टाकी भरली की गाडी का थरथरते?



गेल्या महिन्यात शेजारचे काका सायंकाळी आमच्याकडे आले आणि चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, "भाऊ, गाडी विकून टाकावी म्हणतो."

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशातून काकांनी जुनी, छोटी पेट्रोल गाडी घेतली, ती काही हौसेखातर नव्हे. काकूंना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी न्यावे लागते आणि परतताना रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नाहीत. आता हीच गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, कधी बंदही पडायची. गॅरेजवाल्याने "इंजिन खोलावे लागेल, तीस हजार धरून चाला" असे सांगितले होते.

मी विचारले, "नेहमीच असे होते, की अधूनमधून?" काकांना सांगता येईना. उत्तर काकूंनी दिले. त्या घरखर्चाच्या वहीत पेट्रोलचाही हिशेब लिहितात. वही पाहून त्या म्हणाल्या, "पेट्रोल भरले की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जास्त त्रास होतो. मग हळूहळू कमी होतो. आणि पंपावर पेट्रोल भरतानाही सारखे टक टक करून बंद पडते."

गॅरेजवाला लबाड होता असे नाही. त्याला अर्धीच हकीकत सांगितली गेली होती. दुरुस्तीची सुरुवात पान्याने नव्हे, अशा नोंदीने होते, हे ध्यानात घ्यावे.

पंपाची नळी मध्येच का बंद होते?

पंपाच्या नळीच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असते. पेट्रोल वाहत असताना त्या छिद्रातून हवा ओढली जाते. टाकी भरून पेट्रोलने छिद्र झाकले की हवा थांबते आणि आतला खटका सुटून पुरवठा बंद होतो. पण टाकी अर्धी रिकामी असतानाच असे होऊ लागले, तर पेट्रोल तोंडाशी तुंबते आहे असे समजावे. टाकीत पेट्रोल जायचे तर आतली हवा बाहेर यायला हवी. त्यासाठी मोठ्या नळीच्या शेजारी एक बारीक श्वासनळी दिलेली असते. ती दुमडली, रबर आतून फुगले किंवा चिखलाने बुजली की हवा अडते.

एकाच पंपावर त्रास होत असेल तर दोष बहुधा त्या पंपाच्या नळीचा किंवा वेगाचा. सगळीकडे होत असेल तर आपल्या गाडीचा. काकांच्या गाडीची श्वासनळी एका वळणावर चपटी झाली होती.

मग थरथर कशाची?

खटका पडला की पंपावरचा मुलगा थेंब थेंब पेट्रोल सोडायचा आणि काकाही म्हणायचे, "पाचशेचा आकडा पुरा कर बाबा." कधी टाकी गळ्यापर्यंत भरायची. नुकसान येथेच झाले.

इंजेक्शनच्या गाड्यांत टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात साठवतात. त्याला कॅनिस्टर म्हणतात. इंजिन गरम होऊन गाडी चालू लागली की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जळते. हा डबा वाफेसाठी आहे. टाकी काठोकाठ भरली की त्यात पातळ पेट्रोल शिरते. कोळसा भिजतो, त्याचे कण सुटतात आणि व्हॉल्व्हमध्ये अडकून तो उघडाच राहतो.

शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिन नुसते चालू असताना हवा अगदी थोडी आत जाते. त्यात डब्यातली जादा वाफ मिसळली की प्रमाण बिघडते आणि इंजिन थरथरते. वेगात हवा भरपूर असल्याने तेवढी वाफ जाणवत नाही. म्हणून काकांची गाडी रस्त्यावर नीट पळायची आणि सिग्नलला रडायची. टाकी नुकतीच भरलेली असताना वाफ जास्त, म्हणून त्रासही तेव्हाच जास्त.

घरी तपासावे कसे?

गाडी मोकळ्या जागी उभी करावी, बंद गॅरेजात इंजिन कधीही चालू ठेवू नये. जवळपास विडी, काडी, दिवा नको. इंजिन थंड असतानाच सुरू करून पर्ज व्हॉल्व्हला डब्याकडून येणारी नळी काढावी आणि व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर अंगठा ठेवावा. थंड इंजिनात तेथे ओढ लागता कामा नये. ओढ लागली, आणि तोंड अंगठ्याने बंद करताच इंजिन शांत झाले, तर चोर सापडला. डबा जड लागत असेल किंवा हलवल्यावर आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो बदलावा. व्हॉल्व्हची नळी बुजवून तात्पुरते काम भागवू नये. टाकीची श्वासनळी तर कधीच बंद करू नये.

येथे दोष नसेल तर पुढचा क्रम असा : एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि त्यांच्या तारा, थ्रॉटल बॉडीतली काजळी, आयडल व्हॉल्व्ह. इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या रबरी नळ्यांना चीर पडली असेल तरीही नेमकी अशीच थरथर होते. एकेक नळी हलकेच दाबून पाहावी. आवाज बदलला तर तीच तपासावी. गळती शोधायला चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती जीवघेणी आहे.

कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर आयडल जेटमधला कचरा आणि अडकलेला चोक आधी पाहावा.

आणखी एक गोष्ट. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या चिरल्या, फुगल्या किंवा ओलसर दिसल्या की लगेच बदलाव्यात. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर तिच्यात माणसे बसवू नयेत, आजारी माणूस तर नाहीच.

काकांच्या गाडीला श्वासनळी, व्हॉल्व्ह आणि डबा बदलला. त्याच गॅरेजवाल्याने तीन हजारांच्या आत काम केले. इंजिन खोलावे लागले नाही. वाचलेल्या पैशात काकूंच्या औषधांचे काही महिने निघतील.

आता पंपावर पहिला खटका पडला की काकू स्वतःच सांगतात, "बस, पुरे." बिलावर ४८७ रुपये येवोत की ४९३. वाचकांनीही हाच नियम पाळावा आणि गाडीत एक लहान वही ठेवावी. तारीख, पेट्रोल, किलोमीटर आणि गाडीची तक्रार, चार रकाने पुरेत. घरातल्या मुलामुलींनी ती वही लिहावी आणि गॅरेजमध्ये जाताना ती सोबत न्यावी.

पुढील अंकी : बॅटरी रात्रीतून का उतरते?