बळ सरतं कुठं?

“जेवण व्यवस्थित आहे, झोपही होते, तरी दुपार झाली की हातपाय गळून जातात,” अशी तक्रार पुष्कळजणी करतात. घरच्यांचं उत्तर ठरलेलं: “कामाचा कंटाळा, दुसरं काय!” भगिनींनो, खाल्लेल्या अन्नाचं बळ होतं कुठं, ते आधी पाहू या.

ते पोटात होत नाही. आपल्या बहुतेक पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे तंतुकणिका असतात. प्रत्येकीला दोन पापुद्रे. बाहेरचा गुळगुळीत, आतल्याला मात्र निऱ्याच निऱ्या! पाचवारी साडी निऱ्या घालून कमरेशी वीतभर जागेत बसते ना, तसाच हा लांबरुंद पापुद्रा एवढ्याशा जागेत मावलेला असतो. खरं काम त्याच्यावरच चालतं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन इथं हातोहात पुढं जातात आणि शेवटी श्वासातल्या ऑक्सिजनला मिळतात. त्या ओघात हायड्रोजनचे भारित कण पापुद्र्यापलीकडे ढकलले जातात. तिथं त्यांची दाटी झाली की ते परत येऊ पाहतात, आणि येताना एक चिमुकलं चाक फिरवतात. जात्यातून पीठ पडावं तसं त्यातून एटीपी पडतं. पेशीचा सारा खर्च या एटीपीवर चालतो. पीटर मिचेल यांनी हा विचार १९६१ मध्ये मांडला तेव्हा अनेकांना तो पटला नव्हता. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. (या तंतुकणिका मुलांना आईकडूनच मिळतात, हे सासरी सांगायला हरकत नाही!)

आता आपल्या कामाचं. इलेक्ट्रॉन पुढं देणाऱ्या त्या हातांपैकी बऱ्याच हातांना लोह लागतं. ऑक्सिजन वाहून आणणाऱ्या हिमोग्लोबिनलाही लोहच लागतं. ते कमी पडलं की चूलही मंद आणि वाराही मंद. मग पोटभर जेवून काय उपयोग? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इतक्याजणी का कंटाळखोर असतील?

तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्याच. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ ग्रॅमच्या खाली असू नये. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर तरी जाऊ द्या. उसळ, पालेभाजी यांवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. पाळीत फार जात असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा, आणि लोहाच्या गोळ्याही त्यांना विचारूनच घ्या. हिमोग्लोबिन ठीक येऊनही थकवा हटत नसेल, तर फेरिटिन आणि थायरॉईड तपासायचं का, हेही त्यांनाच विचारा.