भिक्षेकऱ्याचें चित्र

रस्त्यावरील भिकाऱ्यांचीं व गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचीं चित्रें काढणें हा कलेचा अपव्यय होय, असें एक मत आमच्या रसिकांत रूढ आहे. उलट दुसरा पक्ष अशा चित्रांतील फाटक्या वस्त्रांच्या छायाप्रकाशावर लुब्ध होतो. आमच्या मतें दोन्ही पक्षांचा दोष एकच; चित्रांतल्या माणसाकडे कोणीच पाहत नाहीं.

युरोपांत बरोक कलेच्या काळीं या विषयावर दोन दृष्टि प्रकट झाल्या. लोरेनच्या झाक कालोनें १६२२ च्या सुमारास भिकाऱ्यांचीं २५ चित्रें कोरलीं. त्यांत वाद्य वाजविणाराही आहे. रेषा अप्रतिम, पण बहुतेक आकृति कोऱ्या कागदावर एकट्या, जणू संग्रहालयांतले नमुने. रेम्ब्रांटनें १६३० सालीं उंचवट्यावर बसलेला भिकारी कोरला, आणि त्याला स्वतःचा चेहरा दिला! मूल्यभेद आहे तो येथें.

कोणी म्हणेल, चित्राचें मोल रेषेंत, विषयांत नव्हे. मान्य, पण रेषा पाहण्यांतूनच निघते. १८६७ सालीं कोल्हापुरांत जन्मलेले म. वि. धुरंधर यांनीं मुंबईच्या रस्त्यांवरील माणसें विपुल रेखाटलीं. त्यांच्या हाताचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांची मागणी माणसांची नव्हती, 'प्रकारां'ची होती. आणि तीच दृष्टि आम्हीं वारसा म्हणून उचलली.

संबळ वाजविणारा गोंधळी आणि चिपळ्या वाजवीत पहाटे दारीं येणारा वासुदेव हे भिकारी नव्हेत. ते विद्या देऊन दान घेतात. हा शब्दच्छल नव्हे. मुंबई राज्याच्या १९५९ च्या भीकप्रतिबंधक कायद्यानें गाण्या-नाचण्याच्या मिषानें घेतलेली भिक्षाही भीक ठरविली. ज्याला रसिकांनीं नमुना मानलें, त्याला कायद्यानें गुन्हेगार मानलें तर नवल कसलें? कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी चित्रें दाखवीत, गात, दान घेत. त्यांच्यांतील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. एकाच विद्येला एका सत्ताहस्तें बेडी, दुसऱ्या हस्तें पदक!

म्हणून करवीरच्या तरुण चित्रकारांस आमचें सांगणें आहे: अंबाबाईच्या देवळाबाहेर कागद उघडण्यापूर्वीं गोंधळ्याचा संबळ ऐका, त्याचें नांव विचारा, आणि तें नांव चित्राखालीं लिहा. 'एक भिकारी' हें शीर्षक यापुढें आम्हांस नको.